उत्तरासाठी सोडलेली जागा

१

भालकीजवळच्या मेहकरात कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं की शोभाबाईचा नवरा दुबईला आहे. नागनाथ मास्तर दुबईला नव्हता. तो ओमानात होता, आणि तेही मस्कतपासून चार तासांवरच्या एका गावात. तिकडं नोकरीला गेलेल्या आपल्या लोकांच्या मुलांना तो गणित शिकवत होता. पण मेहकरच्या लेखी समुद्रापलीकडची सगळी गावं म्हणजे दुबईच. शोभानं पहिले दोन महिने लोकांना समजावून पाहिलं आणि मग नाद सोडून दिला.

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. पहिलं वर्ष मास्तरनं एकट्यानं काढायचं, मग राहण्याची सोय पक्की झाली की बायको-मुलीला नेता येईल, असं शाळेनं लिहून दिलं होतं. शोभा त्या एका ओळीवर दिवस काढत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि त्यातली निम्मी मास्तरच्या शिक्षणात आणि परगावच्या नोकऱ्यांत गेली होती. तिला सोनं नको होतं, परदेशाची हौस तर मुळीच नव्हती. तिघांनी एका छपराखाली राहावं, सकाळी एका पातेल्यातला चहा प्यावा, एवढंच तिचं मागणं. ते फार मोठं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

महिन्या-दीड महिन्यानं कॅसेट येई. पोस्टमन मडिवाळप्पा सायकल भिंतीला टेकवून ओरडे, "अक्का, दुबई बंतु!" दुबई आली म्हटल्यावर शोभा हातातलं काम टाकून धावे. पण कॅसेट लगेच लावायची नाही, रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावरच, हा नेमही तिचाच. त्या वेळी नऊ वर्षांची मुक्ता घरी असे आणि सासूबाई जाग्या असत. सासूबाईंच्या, म्हणजे भागाबाईंच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणूस त्या पावलांवरून आणि आवाजावरून ओळखत. कुणी उंबरा ओलांडला की बाजेवरून प्रश्न येई, "कोण हाय गं?" आणि शोभा दिवसातून वीस वेळा सांगे, "मी हाय, आत्या."

मास्तर तो मास्तर. त्यानं पहिल्याच कॅसेटीत नियम घालून दिले होते. "मी प्रश्न विचारतो आन् मनातल्या मनात धा मोजतो. ती जागा तुमची. तिथं टेप थांबवा, लाल बटण दाबा आन् तेवढ्यात उत्तर भरा. मग कॅसेट माघारी धाडा. मला हितं ऐकताना समोरासमोर बसून बोलायलाव असं वाटतंय बघा."

तिसरीच्या पुस्तकातल्या गाळलेल्या जागा भराव्यात तसं सगळं घर मिळून ती कॅसेट भरी. भागाबाईंचं उत्तर दहा मोजण्यात कधीच मावत नसे. मास्तर पुढं मुक्ताला पाढे विचारायचा, आणि त्या पाढ्यांवर म्हातारीच्या गुडघेदुखीचं शेपूट चढलेलं असायचं. एकच कॅसेट आठ महिने अशी जात-येत होती.

२

पुढच्या जानेवारीत आलेली कॅसेट नेहमीपेक्षा गंभीर होती.

"शोभा, नीट ऐक," मास्तर म्हणाला. "घराचं ठरवायचंय. शाळा दोन जागा दावायलीय. एक शाळेच्या मागच्याच बिल्डिंगीत. दोनच खोल्या, न्हाणी शेजाऱ्यांसंगट. पण चालत पाच मिनिटं, आन् आजूबाजूला सगळी मास्तर लोकं. दुसरं घर लांब हाय, साठ किलोमीटर. एका कंपनीनं माणसांसाठी वसाहत बांधली आन् काम बंद करून निघून गेली. चार खोल्या, पुढं अंगण. शाळेची बस पहाटं पाचला नेती, दिवस कलल्यावर आणून सोडती. तिथं सध्या कुणी ऱ्हात न्हाई. गेलो तर मीच पहिला."

मग तो म्हणाला, घर तुला दाखवता येत नाही, पण ऐकवता येतं, म्हणून मी टेप घेऊनच आलोय.

कुलूप निघाल्याचा आवाज आला. दार उघडलं. मास्तरच्या चपला फरशीवर वाजू लागल्या आणि प्रत्येक पाऊल दोनदा ऐकू येऊ लागलं. "ही पुढची खोली." खिडकी सरकली. "ही आपली. ही मुक्ताची." मग नळ फिरवल्याचा आवाज, आतून आधी नुसती हवा खोकलत आली आणि बऱ्याच वेळानं पाणी. "हे स्वयंपाकघर. ओटा बघ, केवढा लांब हाय." ओट्यावर त्यानं हाताची थाप मारली.

"आता सांग शोभा. जवळच्या खोल्या, का लांबचं घर?"

शोभाचं बोट बटणावर होतं. तिचं उत्तर तयार होतं. तो दहा मोजू लागला की त्याचा श्वास ऐकू येई, तसा आताही आला. एक, दोन, तीन.

"लांबचंच घ्या," बाईचा आवाज म्हणाला. "मला चालतंय."

नंतर उरलेले आकडे मोजून झाले आणि मास्तर नेहमीसारखा म्हणाला, "झालं? बरं. मुक्ता, सतराचा पाढा म्हण."

मुक्ता टाळ्या पिटत हसली. "आई, तू आधीच बोललीस!"

"घशाला काय झालंय गं तुझ्या?" भागाबाईंनी विचारलं. "लांबून बोलल्यावानी यायलंय."

शोभानं टेप मागं घेऊन पाचदा ऐकली. आवाज तिचाच होता. 'चालतंय' म्हणताना ती मधलं अक्षर थोडं ओढते, तेसुद्धा तसंच. तिला भीती वाटली नाही, वैताग आला. आठ महिने एकाच कॅसेटीवर सगळे बोलतायत, काहीतरी जुनं पुसायचं राहिलं असणार, असं तिनं स्वतःला समजावलं. पण 'लांबचंच घ्या' असं आपण कशाबद्दल आणि कधी म्हणालो, ते काही तिला आठवेना.

शेवटी तिनं लाल बटण दाबलं आणि त्याच जागेवर ठणठणीत आवाजात बोलली, "जवळच्या खोल्या घ्या. न्हाणी सामाईक असली तर असू दे. माणसांत ऱ्हाऊ. तुमचा सगळा दिस बसमदी जायला नको."

टेपचे सेल भालकीहून आणावे लागत आणि पाचदा ऐकण्यातच ते उतरत आले होते. त्यामुळं भरलेली जागा पुन्हा ऐकून पाहायची पद्धत घरात नव्हती. तिनं कॅसेट पाकिटात घातली आणि दुसऱ्या दिवशी मडिवाळप्पाच्या हाती दिली.

३

मार्चमध्ये कॅसेट परत आली. शोभानं या वेळी रविवारची वाट पाहिली नाही. मुक्ता शाळेत, भागाबाई बाजेवर डुलक्या घेत होत्या, तेव्हाच तिनं ती लावली.

"तुझं उत्तर ऐकलं," मास्तर खुशीत होता. "मला वाटलंच नव्हतं तू लांबचं घर म्हणशील म्हणून. चला, तुझ्या मनासारखं केलंय. सही करून टाकली. गेल्या शुक्रवारी सामान हलवलं."

शोभानं टेप बंद केली. मग तिला मास्तरचा राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. माणूस बायकोचं एक वाक्य धड ऐकू शकत नाही, आणि गणित शिकवतो म्हणे.

राग ओसरल्यावर तिनं पुढचं ऐकलं. तो बसचं वर्णन करत होता. "निघताना आम्ही अठराजण असताव. एकेक वाटेत उतरतंय. शेवटचा अर्धा तास मी आन् ड्रायव्हर. दोन्ही अंगाला निस्तं माळरान, आपल्या हुमनाबादच्या वाटेवानी, पण गवताची काडी न्हाई. ड्रायव्हर वसाहतीच्या तोंडालाच गाडी थांबवतो, आत घालत न्हाई. कामून म्हणलं तर हसतो निस्ता." मास्तरही हसला. "काल मलाच विचारायलाय, मास्टरजी, भाभीजी कब आयी? मी म्हणलो, अजून कुठं आली? तर म्हणतो, फिर सुबह दरवाजे में कौन खडी रहती? त्याचं डोळं तपासायला पायजेत."

पुढं प्रश्नाची जागा होती. शोभा, परसातली चिंच कशी काय आहे? या खेपेला त्या जागेत नुसता मास्तरचा श्वास होता. शोभा दहापर्यंत मोजत थांबली. कुणी बोललं नाही. तिनं लाल बटण दाबलं आणि चिंचेला बाजूला सारून सांगून टाकलं, "मी लांबचं घर म्हणले न्हाई. मी जवळच्या खोल्या म्हणले. तिथनं निघा."

एवढ्यावर न थांबता तिनं कागद घेतला आणि तेच पुन्हा पत्रात लिहिलं, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा ओढून.

४

मे महिन्यात आली ती कॅसेट ऐकायला मुक्ता हट्टानं बसली, म्हणून शोभाला ती रविवारीच लावावी लागली.

"पत्र पोचलं," मास्तर म्हणाला. "पण तुझं मला समजंना झालंय. कागदावर लिवतीस एक आन् बोलतीस एक. मी माझ्या कानानं ऐकलं ते खरं धरू का कागद खरा धरू? असू दे. आता घर लागलंय मला."

आणि मग शोभाच्या ध्यानात आलं की तो आता दहा मोजत नाही. प्रश्न विचारून तो लागेल तेवढाच थांबत होता.

"आज बस लवकर आली व्हय?" तो म्हणाला.

"व्हय. मी खिडकीतनं बघितली," तिचा आवाज म्हणाला.

"चहा ठेवतीस, शोभा?"

"ठेवते की."

स्टोव्हचा पंप मारल्याचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा. बराच वेळ फक्त पाणी उकळत होतं. मग चहा गाळला गेला, आणि गाळणी ग्लासाच्या कडेवर दोनदा आपटली गेली. टक, टक.

शोभाला ती सवय लहानपणापासून होती. तिची आई त्यासाठी तिला रागवायची, लग्नानंतर भागाबाई रागवल्या, तरी ती सुटली नव्हती. समोर बसलेली मुक्ता हळूच म्हणाली, "तसंच आपटलं."

"बंद कर," शोभा म्हणाली.

"आई, तू तिकडं कवा गेलतीस?"

"मी कुठं गेले? हितंच न्हाई का तुझ्यासमोर?"

मुक्ता विचारात पडली. मग तिनं स्वतःच तोडगा काढला. "मग ती तिकडची आई असंल." ती खेळायला पळाली, आणि तिला त्यात वावगं काही वाटलेलं दिसलं नाही.

शोभाला मात्र वाटू लागलं होतं. रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच हिशोब चाले. मास्तरनं दुसरी बाई ठेवली असेल. तसं असतं तर ती रडली असती, भावाला घेऊन आली असती, चार माणसांत बसली असती. त्या दुःखाला नाव होतं. पण दुसरी बाई माझ्यासारखी गाळणी कशी आपटेल? आणि मास्तर तिला शोभा का म्हणतोय?

५

सोमवारी मुक्ता खेळायला गेल्यावर शोभानं टेप पुढ्यात घेतली. यंत्राचं यंत्रासारखं बघायचं, असं तिनं ठरवलं. नवे सेल घातले, लाल बटण दाबलं आणि सावकाश बोलली, "मी शोभा. मेहकरातनं बोलायले. आज सोमवार हाय." बाजेवर भागाबाई खोकल्या. गल्लीतून कोंबड्यांचा कलकलाट आला. तिनं टेप मागं घेतली आणि ऐकली.

खोकला होता. कोंबड्या होत्या. मधली जागा रिकामी होती.

तिनं टेप तोंडाजवळ धरून पुन्हा केलं. मग ओरडून केलं. भागाबाई दचकून उठतील असं तिला वाटलं, पण त्यांनी कूससुद्धा बदलली नाही. तिसऱ्या खेपेलाही फक्त कोंबड्या. मग भागाबाईंना उठवून तिनं दोन शब्द बोलायला लावले, ते मात्र स्वच्छ उमटले. "नागनाथा, बाबा, सुखी ऱ्हा." टेप ठीक होती.

मार्चमध्ये आपण भरलेली चिंचेची जागा मास्तरला कशी ऐकू आली असेल, हे तिला आत्ता कळलं.  चुलीजवळ भिंतीला टेकून ती किती वेळ बसली कोण जाणे.

दुपारी मडिवाळप्पानं दारातून हाक मारली. "आले," शोभा म्हणाली आणि पदर सावरत उठली. त्यानं पुन्हा हाक मारली. "आले की अण्णा!" ती दारात पोचली तेव्हा तो सायकलवर टांग टाकून निघाला होता. तिनं पुढं होऊन सायकलचा दांडा धरला, तेव्हा तो एकदम दचकला.

"अय्यो, अक्का! कुठनं आलात? किती हाका मारलो मी. आत डोकं घालून बघितलो, कुणी न्हाई."

"चुलीपाशी तर बसलते."

"चुलीपाशीच बघितलो," मडिवाळप्पा म्हणाला. त्यानं तिच्याकडं थोडं निरखून पाहिलं, डोळे चोळले आणि उन्हाला दोष दिला. नवं पाकीट तिच्या हातावर ठेवून तो गेला.

मागच्या कॅसेटीला उत्तर जायचं होतं, तरी ही दुसरी आली होती. असं याआधी कधी झालं नव्हतं.

६

नव्या कॅसेटीची सुरुवात ऐकताच शोभाला कळलं की ती आपल्यासाठी नाही.

"आई, जयभीम," मास्तर म्हणाला. आजवर त्यानं दर खेपेला आधी शोभाचं नाव घेतलं होतं. "तुझी तब्येत कशी हाय? शोभा हितं बरी हाय. घर मोठं हाय, एकटीला करमंल का न्हाई म्हणून मला धास्ती होती. पण पहाटं मी बसला निघालो की दारात उभी ऱ्हाती, आन् आलो की दारातच असती. आता निस्ती मुक्ताची आठवण काढून रडायलीय."

टेपवर कुणीतरी नाक ओढलं.

"मुक्ताचे कागद झालेत. आमच्या शाळेतल्या सुशीलाबाई सुट्टीला गुलबर्ग्याला यायल्यात. धा जूनला माघारी निघतेत. त्यांच्यासंगट पोरीला धाड. तुझं बघायला शेजारच्या भागम्माला सांगून ठेवलंय."

मग जागा होती. मोठी, वीस-पंचवीस आकड्यांची. आणि बाजेवरून भागाबाई आनंदानं बोलल्या, "धाडते बाबा, धाडते."

शोभा त्यांच्या पायाशी जाऊन बसली. तिनं म्हातारीचा हात आपल्या गालावर धरला. "आत्या, मी हितं हाय न्हवं?"

भागाबाईंनी गाल चाचपला, कपाळ चाचपलं, कानातल्या कुड्या बोटांनी ओळखल्या. "हात लावल्यावर तर तूच हाईस," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, काहीशा अपराधी स्वरात, "पण आवाज तिकडनं यायलाय गं. मी काय करू?"

शोभा त्या दिवशी पोटभर रडली. रडून झाल्यावर मात्र तिचं डोकं स्वच्छ झालं. नवरा गेला तर गेला, घर गेलं तर गेलं. पोर द्यायची नाही. हुमनाबादजवळच्या दुबलगुंडीला तिचा भाऊ नरसिंग होता, आडदांड, कुणाचं न ऐकणारा. मुक्ताला घेऊन तिकडं जायचं आणि दहा जून उलटून जाईपर्यंत तिथून हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भालकीहून हुमनाबादची बस होती. तिनं ट्रंकेतून मुक्ताचे कपडे काढून पिशवी भरली. दोन्ही कॅसेटी ज्वारीच्या कणगीत, हात जाईल तितक्या खोल, दाण्यांत पुरून टाकल्या.

निजण्याआधी तिनं मुक्ताला सांगितलं, उद्या मामाकडं जायचं. मुक्तानं उत्तर दिलं नाही. शोभानं तेच दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठं मुक्तानं वर पाहिलं आणि म्हणाली, "काय म्हणलीस व्हय?"

७

निघण्याआधी भागाबाईंसाठी पाणी भरून ठेवावं म्हणून शोभा सकाळी उशिरा हापशावर गेली. ऊन चढलं होतं. हापशावर भागम्मा होती, आणखी दोघी-तिघी होत्या. शोभा रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा भागम्मानं आपली दुसरी घागर हापशाखाली लावली. "माझी पाळी हाय," शोभा म्हणाली. कुणी काही बोललं नाही. भागम्मा दुसरीशी हसत होती. शोभानं वाट पाहिली, सगळ्या गेल्यावर घागर भरली आणि कुणाकडंही न बघता घराची वाट धरली. बस पकडायची, एवढंच आता डोक्यात ठेवायचं होतं.

अंगणात पाय ठेवल्यावर तिला घरातून स्वतःचा आवाज ऐकू आला.

दार सताड उघडं होतं. आत जमिनीवर ज्वारी सांडली होती, कणगीपासून थेट भिंतीपर्यंत, आणि त्या दाण्यांत मुक्ता मांडी घालून बसली होती. समोर टेप. भागाबाई बाजेवर शांत झोपल्या होत्या. शोभा घागर घेऊन उंबऱ्याशी थांबली.

"जेवलीस का गं, मुक्ता?" टेप म्हणाली.

"न्हाई अजून," मुक्ता म्हणाली.

"भूक लागली न्हाई?"

"लागलीय."

मास्तरचीच युक्ती, शोभा मनात म्हणाली. आधी विचारायचं, मग थांबायचं. पोरानं काहीही उत्तर दिलं तरी पुढचा प्रश्न जुळतो. यात काही नाही. तिनं ते मनात पुन्हा म्हटलं. पण मुक्तानं लाल बटण दाबलेलं नव्हतं, ती नुसतीच बोलत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, गेला महिनाभर शोभाला पाहायला मिळालं नव्हतं असं हसू होतं.

"हितं तुला खोली करून ठेवलीय. ओट्यावर बसून जेवशील का?"

"बसंन की. केवढा लांब हाय ओटा?"

"खूप लांब. पिशवी भरलीस?"

"भरलेलीच हाय," मुक्ता म्हणाली आणि दाराजवळच्या पिशवीकडं बघून पुन्हा हसली. ती पिशवी शोभानं भरली होती.

घागर हातातून निसटली. पाणी उंबऱ्यावरून आत गेलं, ज्वारीचे दाणे ओले झाले. तरी मुक्ता वळली नाही. टेपमध्ये मात्र क्षणभर शांतता झाली, ऐकण्यासाठी थांबावं तशी.

"दारात कोण हाय गं?" शोभाच्या आवाजात टेपनं विचारलं.

"मी हाय," शोभा म्हणाली. तिनं ते ओरडून सांगितलं, छातीवर हात मारून सांगितलं. "मुक्ता, मी हाय! तुझी आई!"

मुक्तानं मान वळवून दाराकडं पाहिलं. घाईनं नाही, नीट पाहिलं. ओल्या उंबऱ्यावरून तिची नजर आडव्या पडलेल्या घागरीवर गेली, तिथून अंगणात, अंगणातून रस्त्यावर.

"कुणी न्हाई, आई," ती म्हणाली. "दार निस्तं उघडं ऱ्हायलंय."

"मग लावून घे."

मुक्ता उठली, परकराला चिकटलेले दाणे झटकले आणि दार लावायला आली.